जुन्या मोटारीस नव्या तारा

अमेरिकेंत १९६६ सालीं निघालेल्या डॉज चार्जर मोटारींत कित्येक हौशी लोक आज विजेचे पंखे व इंधन-फवारणीची नवी यंत्रणा बसवितात, पण तारा जुन्याच ठेवितात. हें आम्हांस गैर वाटतें. मूळ रचनेंत विजेचा मुख्य प्रवाह चालकापुढील ॲमीटरांतून जातो. भार वाढला कीं सांधे तापून आगीचें भय उत्पन्न होतें. तारांचा नवा संच घेतांना केवळ चकाकी वा किंमत पाहूं नये. प्रत्येक उपकरणास किती अँपिअर लागतात तें मोजून तार तितकी जाड घ्यावी, व फ्यूज तारेच्या शक्तीस अनुरूप असावा. तो तारेचा राखणदार आहे. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणें म्हणजे चोराची चाहूल देणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधून निजणें होय. रंग मागाहून देतां येईल. आंत दडलेली तार आधीं निर्दोष हवी.