चिंतामणरावांचे रोहे आणि मोटारविम्याचा बाजार

चिंतामणराव देशमुखांना रोहे आपले मानते. १९५२ साली कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेवर पाठविले आणि अर्थमंत्री या नात्याने १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. देशमुख काही समाजवादी नव्हते. विमेदारांच्या पैशाशी खाजगी मालक कसे वागतात, हे पाहिलेल्या एका करड्या प्रशासकाचा तो निर्णय होता. सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ रोजी सार्वजनिक क्षेत्रात आला. १०७ विमासंस्थांच्या चार कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलाला पुन्हा दार उघडले आणि २००७ पासून मोटारविम्याचे बांधीव दरही उठले. तेव्हापासून पेणच्या शिक्षकाला आणि धाटावच्या कामगाराला सल्ला मिळतो तो एकच : तुलना करा, स्वस्त ती कंपनी निवडा.

ही तुलना मुळात निम्म्याच विम्याची आहे. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाल्यास त्याला भरपाई देणारा, कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा सरकारी दरानेच मिळतो. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला हा हप्ता ३,४१६ रुपये ठरला, मग कंपनी कोणतीही असो. दुर्बलाच्या रक्षणाचा भाग बाजारावर सोडण्याचे धाडस उदारीकरणवाल्यांनाही झाले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्पर्धा उरते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरती, आणि तिथे स्वस्ताईची खरी गोम आहे. गाडीची विमा-किंमत कमी दाखवली की हप्ता आपोआप उतरतो; गाडी चोरीस गेल्यावर मात्र तेवढीच किंमत हाती पडते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. मुंबई-गोवा महामार्गावरून रोज जाणाऱ्या पेणकराच्या गाडीचा आधी फुटतो तो बंपर, आणि तो प्लास्टिकचाच असतो. कुंडलिकेच्या काठचे रोहे किंवा जुलै १९८९ चा अंबेचा पूर सोसलेले नागोठणे यांना तर आणखी एक कलम वाचावे लागेल. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून इंजिन बिघडले, तर ते ‘परिणामी नुकसान’ ठरवून दावा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची निराळी पुरवणी घ्यावी लागते. बिनपैशाची दुरुस्ती देणारे गॅरेज पनवेलपलीकडे असेल, तर रोह्यातून गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच विचारावे. हप्त्याच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

नियामकाच्या वार्षिक अहवालात जमा हप्ते आणि दाव्यांचा भार यांचे गुणोत्तर असते. शंभर दाव्यांपैकी किती मंजूर झाले, हे ते सांगत नाही; गोळा झालेल्या हप्त्यांतला किती भाग विमेदारांच्या दाव्यांकडे गेला, एवढेच सांगते. ते फार कमी असेल, तर उरलेला पैसा दलाली, जाहिरात आणि नफा यांत गेला असे समजण्यास हरकत नाही.

मग सरकारी कंपनीच घ्यावी काय? डोळे मिटून नव्हे. तिथला टेबलावरचा थंडपणा ज्याने अनुभवला आहे, त्याला निष्ठेची प्रवचने पटणार नाहीत. परंतु तीन सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण २०१८ मध्ये जाहीर करून २०२० मध्ये गुंडाळायचे, २०२१ मध्ये सरकारी मालकी किमान ५१ टक्के ठेवण्याची अटच काढून टाकायची, आणि वर कार्यक्षमतेचा जाब विचारायचा, हा न्याय उफराटा आहे. सार्वजनिक कंपनी मोडीत निघाली, तर तुलना करायला उरतील ते सगळे एकाच जातीचे व्यापारी.

पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे काम आहे. रिक्षा आणि टॅक्सी संघटनांनी आपल्या सभासदांचे दावे, कंपनीचे नाव, सर्व्हेअर येण्यास लागलेले दिवस, मागितलेली व मिळालेली रक्कम एका वहीत उतरवावी. दोन पावसाळ्यांत ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगेल. नाकारलेल्या दाव्याचे कारण लेखी मागावे, विमा लोकपालाकडे तक्रार करावी, तिला शुल्क नाही. आणि तेथेही दाद न लागल्यास ती वही घेऊन अलिबागचा ग्राहक आयोग गाठावा.