घराचा हक्क आणि गावाची वेस

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखनी, लाखांदूर या तालुक्यांत गावोगावी दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते आणि लुगडे नेसलेल्या नाच्याच्या मुरक्यांवर सारे गाव रात्रभर खूष असते. पुरुषाने स्त्रीरूप घ्यावे, हे या प्रदेशाला मुळीच अपरिचित नाही. उजाडताच लुगडे पेटीत गेले पाहिजे, एवढीच काय ती अट. परंतु जिचे ते सोंग नसते, पुरुषदेहाने जन्मूनही जी स्वतःला स्त्री म्हणूनच ओळखते, तिच्यासाठी गावात खोली रिकामी नसते. बहुधा आईबापांचे दारही बंद झालेले असते. मग वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून नागपूरची गाडी पकडणे हा एकच मार्ग तिच्यापुढे उरतो.

नागपुरात वा मुंबईत तिला जे घर मिळते ते बहुधा गुरूच्या डेऱ्यात. येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक पारलिंगी स्त्री हिजडा समाजात जातेच असे नाही. अनेकींना ती रीत, ती टाळी मानवत नाही. तथापि डेरा म्हणजे काय, हे सुशिक्षितांनी एकदा नीट समजून घेण्यासारखे आहे. एक चूल, एक मिळकत, गुरूला आईचा मान, आजारपणात चेल्यांनी करायची शुश्रूषा आणि अखेरीस अंत्यसंस्कार, एवढे सगळे तेथे असते. सामुदायिक जीवनाचे प्रयोग आपण आश्रमांतून शोधतो. शहराच्या गल्लीबोळांत तो प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यात जाचही आहे. कमाईचा वाटा गुरूला द्यावा लागतो, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणे सोपे नसते. पण ज्याला दुसरे दारच नाही त्याने जाचाची तक्रार कोणाकडे करावी?

कायद्याने या घराकडे कसे पाहिले, हा इतिहास बोलका आहे. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची 'षंढ' म्हणून नोंद झाली त्यांना दत्तक घेण्याची, मृत्युपत्र करण्याची, अज्ञान मुलाचे पालक होण्याची मनाई केली. माणूस घर कशाने उभे करतो, हे इंग्रज सरकारला पुरते ठाऊक असल्याचे यावरून दिसते. पुढे १९९० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हिजडा समाजातील गुरु-चेला वारसाची रूढी ग्राह्य धरली. आणि २०१४ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ चा संरक्षण कायदा आला.

या कायद्याचे बारावे कलम भंडाऱ्याच्या वाचकाने बारकाईने वाचावे. आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क त्याने दिला. तेथून हुसकून लावण्यास बंदी केली. हे निःसंशय चांगले झाले. पण कुटुंब सांभाळू शकत नसेल तर काय? तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात ठेवण्याचा आदेश द्यावा! जन्माचे घर किंवा केंद्र; तिसरे काही संभवते, ही कल्पनाच कायदा करणाऱ्यांना शिवलेली नाही. कुटुंबाची व्याख्याही रक्त, विवाह आणि रीतसर दत्तकविधान या तिघांवर थांबली. 'पुनर्वसन' हा शब्द किती दीर्घसूत्री असतो, हे गोसेखुर्दच्या पाण्याखाली गावे गेलेल्या पवनी परिसरातील माणसांना वेगळे सांगायला नको. त्या प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली होती.

हे तिसरे घर प्रत्यक्षात उभे राहिल्याचे उदाहरण तामिळनाडूत आहे. तूतुकुडी जिल्ह्यात कोविलपट्टीजवळ मंदितोप्पू येथे पारलिंगी स्त्रियांची वस्ती वसली, आणि २०२० साली त्यांनी स्वतःची दूध उत्पादक सहकारी संस्था नोंदवून घेतली. ग्रेस बानू या दलित पारलिंगी कार्यकर्तीचा त्यामागे मोठा पाठपुरावा होता. राहायला घर, दारात गाय आणि हिशेबाला संस्थेची वही, असा तो संसार. तामिळनाडूने २००८ सालीच या समाजासाठी कल्याण मंडळ नेमले होते, हेही लक्षात घ्यावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. वेशीबाहेर वेगळी वस्ती म्हणजे जुन्याच पापाची नवी आवृत्ती नव्हे काय? त्याचे उत्तर विदर्भाच्याच इतिहासात आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. गावगाड्यात समता मिळत नाही, म्हणून जमिनीसह स्वतःचे गाव हवे, असा तो विचार होता. ती मागणी मान्य झाली नाही. याच बाबासाहेबांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने पराभूत केले, हा भाग निराळा. लादलेली वेगळी वस्ती आणि मागून घेतलेली वस्ती यांत जमिनीचा आणि सन्मानाचा फरक असतो. जिला गावातच राहायचे आहे तिला गावात राहू द्यावे. जिला आपल्यासारख्या चौघींबरोबर एका चुलीवर जेवायचे आहे तिला त्याची मुभा असावी. निवड तिची.

अशा घराला आपला समाज सर्वस्वी नवखा आहे असेही नाही. विनोबांनी १९५९ साली पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. रक्ताचे नाते नसलेल्या स्त्रिया तेथे एकत्र राहिल्या, शेत पिकवले, सफाई केली आणि निर्णय सर्वसंमतीने घेतले. त्यांच्या दर्शनाला आपण जातो. त्या व्रतस्थ, म्हणून आपल्याला त्यांच्या घराचे कोडे पडत नाही. घरातून काढून दिलेल्या स्त्रियांनी तसेच एकत्र राहायचे ठरवले तर मात्र चारित्र्याचा दाखला मागण्याची घाई होते.

महाराष्ट्रातील खेडी याबाबतीत कार्यालयांच्या पुढे आहेत, असे म्हणण्यास आधार आहे. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंचपदी निवडले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांसाठी राखीव प्रभागातील अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य ठरविला आणि मतदारांनी त्यांना निवडून दिले. मत देणारे हात भाड्याने खोलीही देतील काय, हा प्रश्न राहतोच. पण अडले ते कागदापाशी, मतपेटीपाशी नव्हे.

आणि कागदापाशी शेवटी सगळे चुलीवर येऊन ठेपते. शिधापत्रिका चुलीवर मिळते, घरकुलाची यादी कुटुंबानुसार होते, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत घर कोणाच्या तरी नावे लागते. नात्याने एकमेकींच्या कोणी नसलेल्या चार पारलिंगी स्त्रिया या रकान्यांत बसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४०,८९१ जणांची नोंद लिंगाच्या 'इतर' रकान्यात झाली. त्यांच्या चुलींचा रकाना कोणी आखलाच नाही. मात्र हवा हळूहळू बदलते आहे. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेपुरते एका कुटुंबातील मानावे, असे केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळविले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ साली 'निवडलेले कुटुंब' ही कल्पना मान्य केली. मग एका चुलीवर जेवणाऱ्या चौघींना एक पत्रिका देण्यात पुरवठा खात्याला कसली अडचण?

भंडारा जिल्ह्यात सामायिक मालमत्तेचे वावडे कधी नव्हते. कोहळींनी बांधलेल्या तलावांचे पाणी गावाने वाटून घेतले. ढिवरांच्या सहकारी संस्था त्याच तलावांत मासे पाळतात. मासळी, शेळ्या, दुधाची जनावरे किंवा कोशाचे विणकाम यांपैकी काहीही चार-सहा जणींना मिळून करता येईल. संस्था नोंदविण्यास महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी कायदा आहे. लागते ती जागा, आणि तिच्यासाठी ठराव ग्रामसभेत व्हायचा असतो. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे मोहाडी किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या सरपंचाने हा विषय ठेवावा. गावात शिक्षक आहेत, तलाठी कार्यालयात लिहिणारे आहेत, नागपूरच्या महाविद्यालयांत शिकून सुटीला आलेली मुले आहेत. ठरावाचा मसुदा करण्यास माणसे कमी पडणार नाहीत. त्या सभेची दवंडी, गाव सोडून गेलेल्या मुलीच्या आईच्या दारावरूनही जाईल.