विश्लेषण : पोटातल्या जिवाणूमुळे वजन घटवण्याची शस्त्रक्रिया पुढे का ढकलली जाते?

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते. विमा कंपनीची मंजुरी आलेली असते, कार्यालयातून रजाही मिळालेली असते. आणि ऐन वेळी एंडोस्कोपीचा अहवाल येतो : ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’. वजन घटवण्याच्या म्हणजेच बेरियाट्रिक शस्त्रक्रियेच्या तयारीत असलेल्या अनेकांच्या वाट्याला हे येते. डॉक्टर चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून देतात आणि तारीख किमान दीड महिना पुढे जाते. ज्या जिवाणूने आजवर कधी त्रास दिल्याचे जाणवले नाही, त्याच्यासाठी एवढे थांबायचे कशाला, हा रुग्णाचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सरळ नाही.

चर्चा आताच का?

वजन घटवणे हा सध्या घरोघरी बोलण्याचा विषय झाला आहे. मार्च २०२५ मध्ये ‘माउंजारो’ आणि जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ ही इंजेक्शने भारतात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा लठ्ठपणाच्या गटात मोडतात. इंजेक्शनांचा गाजावाजा असला तरी वजन खूप जास्त असलेल्यांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय कायम आहे. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा ३५ वा त्याहून अधिक असून जोडीला अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार यांपैकी काही असेल, तर ठरावीक अटींवर या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळू शकतो. महाराष्ट्रात तर ही शस्त्रक्रिया नवलाईची राहिलेली नाही. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती मुंबईत करून घेतली, तेव्हापासून ती गावोगावच्या गप्पांत पोहोचली.

हा जिवाणू कोणता?

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू जठराच्या आतल्या चिकट थरात राहतो. जठरातील आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. हा टिकतो, कारण तो युरिएज नावाच्या विकराच्या मदतीने अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो. संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, घरातल्या घरात किंवा दूषित अन्नपाण्यातून. उपचार केले नाहीत तर तो सहसा जन्मभर सोबत करतो. भारतातील बहुतेक पाहण्यांत निम्म्या किंवा त्याहून अधिक प्रौढांमध्ये तो आढळला आहे.

जठरात जिवाणू राहूच शकत नाही, असे डॉक्टरही एकेकाळी ठामपणे मानत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे दोघे तो प्रयोगशाळेत वाढवण्याची खटपट करत होते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जिवाणू वाढलेला दिसला. तरीही कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि एंडोस्कोपीत जठराला सूज आलेली दिसली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले आणि २००५ मध्ये वॉरन व मार्शल यांना नोबेल मिळाले.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना कधीच काही होत नाही. साधारण दहापैकी एखाद्याला जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. जठराचा कर्करोग त्याहून बऱ्याच कमी जणांना होतो.

शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते?

मुद्द्याची गोष्ट इथे आहे. भारतात प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात आणि या जिवाणूच्या दृष्टीने त्या दोन्ही सारख्या नाहीत.

‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढला जातो. मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. या नळीत दुर्बीण कधीही घालता येते. पुढे काही तक्रार उद्भवली तर आत बघणे, तुकडा काढून तपासणे, उपचार करणे हे सगळे शक्य असते.

‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी बनवून तिला लहान आतडे जोडले जाते. मिनी बायपासमध्ये ही पिशवी जास्त लांबट असते. उरलेले मोठे जठर कापून टाकत नाहीत, ते पोटातच राहते. त्यात अन्न जात नाही, पण ते जिवंत असते, पाचक रस तयार करत असते आणि जिवाणू असेल तर त्यालाही सांभाळत असते. नेहमीची दुर्बीण तोंडावाटे तिथवर पोहोचत नाही. तिथे डोकवायचे तर खास प्रकारची लांब दुर्बीण लागते किंवा पोटाला छिद्र पाडून आत शिरावे लागते. बायपासनंतर वीस वर्षांनी या बंद खोलीत काय चालले आहे, हे सहजासहजी कळण्याचा मार्ग नाही. बायपासआधी जिवाणू शोधून मारण्याचा आग्रह धरणाऱ्यांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे.

जपानने यातून आपल्यापुरता धडा घेतला. तिथे जठराचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचे जठर पोटात ठेवून देणारा बायपास तिथे फारसा रुजला नाही. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विम्यात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आली, ती स्लीव्ह. जपानचे हे गणित भारताला जसेच्या तसे लागू होत नाही. आपल्याकडे जिवाणू जास्त आणि जठराचा कर्करोग त्या मानाने कमी, असे कोडे आहे. मिझोराम हा त्याला ठळक अपवाद. त्यामुळे पुण्या-मुंबईतील रुग्णाला केवळ कर्करोगाची भीती दाखवून गोळ्या देणे योग्य ठरत नाही.

दुसरा धोका जोडावरच्या अल्सरचा. बायपासमध्ये जठराची पिशवी जिथे आतड्याला जोडतात तिथल्या आतड्याला आम्लाची सवय नसते. तिथे जखम झाली तर ती दुखते, कधी रक्तस्राव होतो, क्वचित आतडे फुटून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. धूम्रपान आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या ही या अल्सरची सर्वमान्य कारणे आहेत. एच. पायलोरीलाही त्या यादीत बसवावे का, यावर एकमत नाही.

मग पुरावा काय सांगतो?

जोडावरचा अल्सर आणि हा जिवाणू यांचा घट्ट संबंध काही मोठ्या अभ्यासांत दिसला, तर काहींत तो दिसलाच नाही. स्लीव्हनंतर टाक्यांतून गळती होणे किंवा वजन कमी घटणे यांच्याशी जिवाणूचा ठोस संबंध जोडता आलेला नाही. म्हणजेच ‘गोळ्या घेतल्या नाहीत तर टाके उसवतील’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला भक्कम आधार नाही.

मार्गदर्शक सूचनांची भाषाही म्हणूनच सावध आहे. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांच्या २०१३ च्या सूचनांत, जिथे संसर्गाचे प्रमाण जास्त आहे अशा भागांत शस्त्रक्रियेआधी सर्वांची तपासणी करण्याचा विचार करता येईल, एवढेच म्हटले होते. पण ही सूचना वाचताना भारत त्या ‘जास्त प्रमाणाच्या’ भागांतच मोडतो, हे विसरता येत नाही. शिवाय जिवाणू सापडलाच तर त्यावर उपचार करावेत, याबद्दल पोटविकारतज्ज्ञांत फारसा वाद नाही. वाद आहे तो शोधत जायचे का आणि त्यासाठी शस्त्रक्रिया थांबवायची का, याचा.

दीड महिन्याचा हिशेब

गोळ्या चौदा दिवसांच्या, मग तारीख दीड महिना पुढे का जाते? कारण गोळ्या संपल्या म्हणजे जिवाणू संपला असे नसते. खात्रीची तपासणी करण्यासाठी प्रतिजैविके बंद होऊन किमान चार आठवडे जावे लागतात. त्याआधी तपासणी केली तर अर्धमेले जिवाणू सापडत नाहीत आणि अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. दोन आठवडे अधिक चार आठवडे, झाला दीड महिना. पहिला उपचार अपयशी ठरला तर हाच हिशेब पुन्हा, म्हणजे तीन महिने. तोवर विम्याच्या मंजुरीची मुदत उलटून जाऊ शकते.

या सगळ्यात बहुतेकदा गळते ती शेवटची पायरी. गोळ्या दिल्या जातात, रुग्ण त्या घेतो, आणि जिवाणू गेला हे गृहीत धरून शस्त्रक्रिया होते. तसेच करायचे असेल तर आधी तपासणी करण्याचा निम्मा फायदा वाया जातो. खात्रीसाठी श्वासाची तपासणी चांगली. खुणा केलेल्या कार्बनचा युरिया पाण्यातून प्यायचा आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचे. जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो आणि ती खूण श्वासात उतरते. ही सोय नसेल तिथे शौचाच्या नमुन्यातील प्रतिजनाची तपासणी चालते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी मात्र यासाठी निरुपयोगी, कारण जिवाणू गेल्यावरही ती कितीतरी महिने ‘पॉझिटिव्ह’ येत राहते.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण म्हणजे ‘ॲसिडिटीची गोळी’. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल सकाळी उपाशीपोटी घेणे हा अनेक घरांत चहाइतकाच नित्याचा भाग झाला आहे आणि डॉक्टरांनी विचारल्यावर ते औषध म्हणून सांगितलेही जात नाही. पण या गोळ्यांमुळे जिवाणू दबतो आणि तपासणी फसते. म्हणून त्या तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारून. एंडोस्कोपीत काढलेला जठराचा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकून तो गुलाबी होतो का हे पाहतात, त्या चाचणीलाही हे लागू आहे.

गोळ्या काम का करत नाहीत?

क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमॉक्सिसिलिन आणि आम्ल कमी करणारी गोळी हा ‘किट’ वर्षानुवर्षे लिहून दिला जातो. अनेक भागांत जिवाणू आता क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०२४ मध्ये बिस्मथ असलेल्या चार औषधांच्या चौदा दिवसांच्या उपचाराला पहिली पसंती दिली. भारतात मेट्रोनिडाझोललाही मोठ्या प्रमाणावर प्रतिकार आढळतो. जुलाब लागले की दुकानातून चार गोळ्या आणून घ्यायच्या, या सवयीचा तो परिणाम आहे.

चार औषधे, दिवसातून अनेक वेळा, तोंडात धातूसारखी चव, मळमळ. हा उपचार धडधाकट माणसालाही सोपा जात नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा घोट घोट पाणीही मोजून प्यावे लागते, तेव्हा तो आणखी अवघड होतो. बिस्मथमुळे शौचाचा रंग काळा होतो. शस्त्रक्रियेआधी ही निव्वळ गंमत असते. बायपासनंतर मात्र काळे शौच हे रक्तस्रावाचेही लक्षण असू शकते, आणि मग रुग्ण व डॉक्टर दोघांचीही झोप उडते. उपचार आधीच उरकण्याच्या बाजूने असलेले हे अगदी व्यवहारी कारण आहे, पण रुग्णाला ते क्वचितच समजावून सांगितले जाते.

बी-१२ आणि लोहाचेही तसेच. जिवाणूमुळे जठराला दीर्घकाळ सूज राहिली तर दोन्हींचे शोषण घटते. शस्त्रक्रियेने ते आणखी घटते. रुग्ण शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ आधीच तळाला असण्याची शक्यता मोठी. या तपासण्या याच दीड महिन्यात होऊन जाऊ शकतात.

थांबणे प्रत्येकालाच परवडते का?

नाही. साखर आटोक्यात येत नसलेल्या किंवा रात्री श्वास अडकणाऱ्या रुग्णासाठी तीन महिन्यांचा विलंब हाही धोकाच आहे. बायपास ठरला असेल तर जिवाणू गेल्याची खात्री करून मगच पुढे जाणे शहाणपणाचे, कारण नंतर ती संधी तशी मिळत नाही. स्लीव्ह ठरली असेल आणि अल्सर नसेल, तर आधी शस्त्रक्रिया आणि सावरल्यावर उपचार हा क्रमही गैर नाही. थांबायचे ठरलेच, तर तो काळ वाया जात नाही. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार घ्यावा लागतोच. सिगारेट आणि तंबाखू सोडण्यालाही वेळ लागतो. खरे तर वजन घटवण्याचे केंद्र पहिल्याच भेटीत ही तपासणी उरकत असेल, तर तारीख पुढे ढकलण्याची वेळ बहुतेकांवर येणार नाही. ती येते, कारण एंडोस्कोपी अनेकदा शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधीच्या यादीत टाकलेली असते.

ज्यांची तपासणी झालेलीच नसते, त्यांच्यापैकी काहींना हा जिवाणू वेगळ्याच वाटेने कळतो. स्लीव्हमध्ये काढलेले जठर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पाठवले जाते. त्याचा अहवाल येतो तेव्हा रुग्ण घरी गेलेला असतो आणि अजून पातळ आहारावरच असतो. तो अहवाल मागून घेणे आणि त्यात एच. पायलोरीचा उल्लेख असल्यास टाके काढायला जाताना तो डॉक्टरांपुढे ठेवणे, हे काम बहुतेक वेळा रुग्णाच्या घरच्यांनाच करावे लागते.