बकलम

"आपल्याकडे कुठली आलीत पत्रं? बायका अडाणी होत्या बिचाऱ्या."

महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही फौजी घराण्यात जुन्या कागदांचा विषय काढा, हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आमच्या भावकीतही मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं हे मान्य. उलट त्या "बिचाऱ्या"त थोडी मायाच असते. पण माझं डोकं फिरतं ते त्या मायेनेच. कारण या एका वाक्यात आपण आपल्या पणज्यांचं तोंड कायमचं बंद करतो आणि वर त्यांची कीवही करतो.

मंडळी, पत्रं होती. ती टिकली नाहीत, हा वेगळा मुद्दा आहे. "नव्हती" आणि "टिकली नाहीत" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आजचं सगळं भांडण त्या फरकासाठी आहे.

आपला मुलुख फौजेचा. महाड तालुक्यात एका गावाच्या नावातच फौज आहे, फौजी आंबवडे. पोलादपूरकडे उमरठ म्हटलं की तानाजी मालुसरे आठवतातच. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या बहुतेक पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी अन्न संपलं, शरणागती झाली आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. या लढाईवर ग्रंथ आहेत, नकाशे आहेत, सेनापतीच्या चुकांवर अजून वाद चालतात. पण त्या पाच महिन्यांत सावित्रीच्या खोऱ्यात एखादी सोळा-सतरा वर्षांची पोर रोज टपालाची वाट बघत होती, तिचं काय? तिने काय कळवलं होतं? तिला काय कळवलं गेलं? यावर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं. "अडाणी होती बिचारी."

आता ही पत्रं लिहिली कशी जायची ते बघू.

देशातल्या देशात कार्ड तेव्हा पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळायचं. १८७९ साली कार्ड निघालं तेव्हापासून १९२२ पर्यंत तोच भाव. म्हणजे परवडत नव्हतं असं नाही. लिहायला कोणी तरी लागायचं. शाळामास्तर, तलाठी, भटजी, नाही तर चार बुकं शिकलेला पुतण्या. त्याच्यासमोर बसून बाई सांगणार आणि तो लिहिणार. त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. बरं, सासरा ओटीवर बसलेला, दीर दारात उभा. अशा चारचौघांत तिने काय सांगायचं? पाऊस झाला, लावणी उरकली, म्हैस व्यायली, सावकाराचा माणूस येऊन गेला. आणि मग, "मुलगा आता चालू लागला." या शेवटच्या वाक्यात काय काय भरलेलं असेल ते ज्याला कळायचं त्याला मेसोपोटेमियात कळत असणार.

उलटं पत्र यायचं तेही बहुतेक तिच्या नावाने नाहीच. "तीर्थरूप बाबांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार", मग आई, मग थोरले भाऊ, मग गोठ्यातल्या बैलाची चौकशी. सगळ्यांत शेवटी "घरातील लहानथोरांस यथायोग्य". त्या "यथायोग्य"मध्ये ती. पत्र मोठ्याने वाचलं जायचं आणि ती माजघराच्या दाराआडून ऐकायची. कान देऊन ऐकणं हेच तिचं वाचणं.

आता माझा खरा मुद्दा. जुनी खरेदीखतं, गहाणखतं कोणी पाहिली असतील तर आठवा. खाली बाईचा अंगठा असतो. शेजारी लिहिलेलं असतं, "निशाणी डावे हाताचा अंगठा". आणि ज्याने कागद लिहिला तो कडेला आपलं नाव घालतो, "बकलम अमुक". म्हणजे लेखणी माझी, बोलणं हिचं. कोर्टात तो कागद कोणाचा धरतात? अंगठ्याचा. लेखणीवाल्याचा नाही. तिने अंगठा उठवून विकलेली जमीन शंभर वर्षांनंतरही विकलेलीच राहते. बकलमवाल्याने विकली असं म्हणायची कोणाची छाती होत नाही.

मग जमिनीला चालणारा अंगठा पत्राला का चालू नये?

यावर शहाणी माणसं म्हणतात, "अहो, पण पत्रातली भाषा लिहिणाऱ्याची. 'येथील सर्व क्षेम', 'कळावे, लोभ असावा' हे काय ती बाई बोलत होती?" नसेल बोलत. साचा त्याचा होता हे कबूल. पण साचा कोणाचा नव्हता? वकील-मामलेदारांच्या पत्रातही तोच साचा होता. साच्यात ओतलेला मजकूर कोणाचा, हा प्रश्न आहे. सावकाराची तगमग लेखनिकाची नव्हती, पोर चालू लागल्याचा आनंदही त्याचा नव्हता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रजांचा सेन्सॉर उघडून वाचायचा. त्यातले उतारे इंग्रजीत करून अहवाल बनायचे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ साली त्यातून निवडक पत्रांचं जाडजूड पुस्तक काढलं. जगभर लोक ती "शिपायांची पत्रं" म्हणून वाचतात. आता त्यातल्या कितीतरी शिपायांना लिहिता येत नव्हतं. छावणीत, इस्पितळात कोणा लेखनिकाला सांगून त्यांनी ती लिहून घेतली. पुढे सेन्सॉरच्या कचेरीत त्यांचं भाषांतर झालं, काटछाट झाली. एवढ्या हातांतून गेल्यावरही ती शिपायाचीच! हरकत नाही, मीही त्यांना शिपायाचीच म्हणेन. पण मग त्याच्या बायकोने तशीच सांगून लिहून घेतली तर ती मास्तरांची कशी होतात? नवरा अडाणी असला तरी पत्रलेखक आणि बायको अडाणी म्हणून पत्रच नाही, हा कुठला न्याय?

त्या संग्रहातही बायकांची पत्रं अगदी मोजकी आहेत. आपल्या पलटणी मेसोपोटेमियात असल्यामुळे मराठी घरांतली तर त्या फ्रान्सच्या दप्तरात सापडणं अवघडच. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. साम्राज्याने त्या पत्रांकडे संशयाने पाहिलं, पण निदान वाचली आणि दप्तरी लावली. घरच्यांनी प्रेमाने पाहिलं आणि चुलीत घातली.

बरं, "सगळ्या अडाणी" हेही खरं नाही. १९११ च्या शिरगणतीत देशात शंभर बायकांमागे जेमतेम एकीला लिहितावाचता येत होतं, हे खरं. पण ती एक नेहमी वाड्यातलीच असणार असं आपण धरून चालतो, तिथे फसतो. जुन्या लष्करात पलटणीबरोबर शाळा असायच्या. शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही तिथे शिक्षण सक्तीचं होतं, असं खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. महाड-दापोलीकडे पेन्शन घेऊन परतलेल्या महार फौजी घरांत लिहिता-वाचता येणाऱ्या लेकी-सुना होत्या त्या यामुळे. गावाने ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांच्या घरात पाटी-पुस्तक होतं.

मग १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. ही जात "लढाऊ" नाही म्हणे! महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. हा अर्ज इतिहासात आहे आणि असायलाच हवा. पण भरतीबरोबर पलटणीची शाळाही गेली, आणि त्या शाळेत बसू शकणारी मुलगीही गेली, हे कोण सांगतं? १९१७ साली युद्धाला माणसं कमी पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. तिच्या शिपायांच्या बायकांना पत्रं सांगूनच लिहून घ्यावी लागली असतील, तर हा "अडाणीपणा" त्यांच्या नशिबाने आला नव्हता. तो सरकारी हुकमाने आला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांना जमलेल्या बायकांना सांगावं लागलं, मुलींना शिकवा. ज्या समाजाच्या फौजी घरांत पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मुली शिकत होत्या, त्यांना!

मग पत्रं गेली कुठे? उत्तर साधं आहे. ज्याला पैशाची किंमत तो कागद राहिला. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं बुक, पदक, सगळं फडक्यात बांधून देवघरामागे. पत्राला किंमत शून्य. त्यातून मरणाचं पत्र तर घरात ठेवायचंच नाही. वर "श्री" नाही आणि वाचून झालं की फाडायचं. म्हणजे जे कार्ड एका बाईला सौ.ची गं. भा. करून गेलं, नेमकं तेच रीतीप्रमाणे नष्ट. उरलंसुरलं वाळवीने नेलं आणि वाळवीतून वाचलेलं सावित्रीने. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडालं, त्यानंतर रस्त्याकडेला चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले होते. पदक धुऊन परत लावता येतं. कागदाचा लगदा होतो.

नवऱ्याचंही फार बरं झालं असं नाही म्हणा. बसऱ्याला त्या युद्धात मेलेल्या आणि थडगंही न मिळालेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांचं स्मारक आहे. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणीवार नुसती संख्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने अशा भेदभावाबद्दल एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. शंभर वर्षं लागली, पण "नावं नव्हती" असं ते म्हणाले नाहीत. "आम्ही कोरली नाहीत" म्हणाले. क्रियापदाचा कर्ता बदलला. मला घराघरांतून एवढंच हवंय.

म्हणून भावकीतल्या मंडळींना, आणि कुलवृत्तांत, स्मरणिका, शतकमहोत्सवी अंक काढणाऱ्या सगळ्यांनाच हात जोडून सांगणं आहे. "स्त्रिया अशिक्षित असल्याने पत्रव्यवहार उपलब्ध नाही" हे वाक्य छापू नका. "त्या पत्रं सांगून लिहून घेत. घराने ती जपली नाहीत," असं छापा. आणि एखादं कार्ड सापडलंच तर "मास्तरांच्या हस्ताक्षरातील पत्र" अशी ओळ खाली घालू नका. पत्र तिचं, बकलम मास्तर.

दुसरी गोष्ट जास्त घाईची आहे. १९१६ ची पोर आता भेटणार नाही. पण १९६५ आणि १९७१ ला ज्यांचे नवरे सीमेवर होते त्या आज्या अजून गावोगाव आहेत. "मार्फत ५६ ए.पी.ओ." हा पत्ता त्यांना अजून तोंडपाठ असतो. कोणी स्वतः लिहिलं, कोणी शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं. मनिऑर्डर आल्यावर पोस्टमनने पुढे केलेल्या शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कुपनावरच्या दोन ओळी त्याच्याकडूनच दोनदा वाचून घेतल्या. त्यांना लढाईबद्दल विचारू नका, ते पुस्तकात मिळेल. पत्र कोणाकडून लिहून घ्यायचात, काय सांगायचात, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासमोर काय सांगता यायचं नाही, ते विचारा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ट्रंकेत इनलँड असतील तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पुढच्या पावसाच्या आत.

आणि त्या म्हणतील, "मला मेलीला कुठं लिहिता येत होतं?" त्या म्हणणारच, त्यांना तसंच शिकवलंय. तेव्हा पुढचा प्रश्न विचारा, "पण सांगायचं कोण?"