बिघडलेल्या बॅचची वही

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात आणि मुंबईत छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात. आपल्या कारखान्यांतही एखाद्या शेडवर, पंपाच्या मोटरवर, उघड्यावर रचलेल्या गोण्यांवर ती असतेच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्याकडे जरा जवळून पाहावे. कड सुटलेली असते, पट्ट्यांचा भुगा होत असतो. पण बोटांना लागतो तो भुगाही निळाच असतो. उन्हाने पॉलिमर खाल्ला, रंग त्याला खाता आला नाही.

या ताडपत्रीची राफिया एचडीपीईची, आणि तिचा निळा रंग आपण ज्याला सीपीसी ब्ल्यू म्हणतो त्या कॉपर थॅलोसायनिनचा. एक पॉलिमर, एक पिगमेंट. दोन्हींच्या शोधात एक गोष्ट समान आहे: भांड्याच्या भिंतीतून नको तो धातू मालात उतरला, बॅच बिघडली, आणि ती बिघडल्याची नोंद झाली. या महिन्यात लिहायचे आहे ते नोंदीविषयी. शोधांविषयी भाषणे पुष्कळ होतात.

आधी निळ्याची गोष्ट. स्कॉटलंडमधले ग्रेंजमाउथ, साल १९२८. स्कॉटिश डाइज कंपनीत थॅलिमाइड बनत होते. वितळलेल्या थॅलिक अनहायड्राइडमधून अमोनिया सोडायचा, एवढीच रिॲक्शन. भांडे लोखंडाचे, आतून काचेचा मुलामा. माल पांढरा निघायला हवा, पण काही बॅचमध्ये निळसर-हिरवट कण दिसू लागले. मुलाम्याला तडा गेला होता आणि आतले लोखंड उघडे पडले होते.

ज्याने असा काचेच्या मुलाम्याचा रिॲक्टर, म्हणजे जीएलआर, चालवला आहे, त्याला आपल्याकडे पुढे काय होईल हे सांगायला नको. स्पार्क टेस्ट, टँटलमचा प्लग, नाहीतर भांडे उतरवून री-ग्लासिंगला रवाना, आणि प्रॉडक्शन व मेंटेनन्स यांच्यात पंधरा दिवसांचा अबोला. निळे कण? अशुद्धी. गाळून टाका, स्पेसिफिकेशनमध्ये बसतेय ना.

ग्रेंजमाउथला डँड्रिज, ड्रेशर आणि थॉमस यांनी ते कण वेगळे काढले. आम्लाने, अल्कलीने, उष्णतेने त्यांच्यावर काही परिणाम होईना. मग त्यांनी मुद्दाम लोखंड घालून तोच पदार्थ करून पाहिला आणि पेटंटचा अर्ज केला.

एवढी गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. इथेच ती थांबवून तयार मनाविषयीचे पाश्चरचे वाक्य चिकटवायची रीत आहे. त्या वाक्याचा आम्हाला कंटाळा आला आहे, आणि इथे ते लागूही पडत नाही. कारण याच कुळातला निळा पदार्थ त्याआधी दोनदा दिसला होता, आणि पाहणारे काही कच्चे नव्हते. १९०७ मध्ये लंडनच्या साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीत ब्राउन आणि चर्नियाक यांना ऑर्थो-सायनोबेन्झमाइड तापवताना निळा पदार्थ मिळाला. त्यांनी त्याचा ओझरता उल्लेख केला आणि ते पुढे गेले. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर इथे डी डीसबाख आणि फॉन डर वाइड यांना थॅलोनायट्राइल हवे होते. त्यासाठी त्यांनी डायब्रोमोबेन्झीन आणि क्युप्रस सायनाइड तापवले, तर हाती आला गर्द निळा, विलक्षण टिकाऊ पदार्थ. म्हणजे चक्क कॉपर थॅलोसायनिन, आज आपण टनांनी करतो तेच. त्यांनी ते छापलेसुद्धा. (अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन ब्ल्यू ज्याच्या हातून झाला, त्याचेही नाव डीसबाखच. तोही भेसळीच्या पोटॅशमुळे. निळ्याला हे नाव मानवते असे दिसते.)

मग ग्रेंजमाउथला वेगळे काय होते? आमच्या मते, गिऱ्हाईक. कंपनी उभी करणारे जेम्स मॉर्टन मूळचे कापडवाले. दुकानाच्या खिडकीत आपल्याच कापडाचा रंग उडालेला पाहून ते पक्क्या रंगांच्या मागे लागले, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन रंग बंद झाल्यावर स्वतःच रंग करू लागले. याच कंपनीत १९२० मध्ये कॅलेडॉन जेड ग्रीन हा व्हॅट रंग निघाला. न विरघळणारा, न उडणारा निळा म्हणजे काय चीज आहे, हे तिथल्या केमिस्टला समजावून सांगावे लागत नव्हते. हाताशी असलेल्या निळ्यांची दुखणी त्याला तोंडपाठ होती: प्रशियन ब्ल्यू चुन्याला टिकत नाही, भिंतीवर तपकिरी पडतो, अल्ट्रामरीनवर आम्ल पडले की रंग जातो आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. गॅस कंपनीत निळा दिसला तेव्हा त्याची वाट पाहणारे तिथे कोणी नव्हते.

शिवाय १९२८ ला फक्त कण सापडले होते, माल नव्हे. मधली सात वर्षे फारसे कोणी सांगत नाही, आणि आपल्या धंद्याच्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे. नमुने लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात लिनस्टेड यांच्याकडे गेले. त्यांनी १९३३ मध्ये थॅलोसायनिन हे नाव दिले आणि १९३४ मध्ये रचना मांडली. पुढे रॉबर्टसन यांनी क्ष-किरणांनी ती पक्की केली. हिमोग्लोबिन आणि क्लोरोफिलच्या गाभ्याशी नाते सांगणारी ती चौकट, मध्ये एक धातू. लोखंडाच्या जागी तांबे बसवले की छटा खुलते. वायलर यांच्या युरियाच्या वाटेने खर्च आवाक्यात आला. पण क्रूड सीपीसी हातात घेऊन पाहिलेल्याला ठाऊक आहे की ते रंग म्हणून जवळजवळ निरुपयोगी असते, काळपट आणि भरड. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून पाण्यात पाडा, किंवा मिठाबरोबर दळा, तेव्हा कुठे ताकद येते. रंग रेणूत असला, तरी पिगमेंट कणाच्या आकारात आणि स्फटिकाच्या रूपात असते. अल्फा लालसर, बीटा हिरवट. १९३५ मध्ये, स्कॉटिश डाइज ज्यात सामावली गेली होती त्या आयसीआयने मोनास्ट्रल ब्ल्यू बाजारात आणला, तो या सगळ्या खटाटोपानंतर. हा अंक भिंगाखाली धरलात तर छपाईचा जो सायन ठिपका दिसेल, तो बीटा रूपातलाच.

आता राफियाची गोष्ट, थोडक्यात. १९५३ मध्ये जर्मनीतल्या म्युलहाइम इथे कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनियम अल्किलवर इथिलीनच्या साखळ्या वाढवण्याचे काम चालू होते. होल्झकांप या विद्यार्थ्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये साखळी वाढलीच नाही. इथिलीनचे ब्युटीन होऊन बसले. सरळसरळ फेल बॅच. ऑटोक्लेव्ह धुऊन पुढचा प्रयोग लावता आला असता. त्यांनी कारण शोधले, तेव्हा भांड्यातले निकेलचे अंश सापडले. निकेल साखळी तोडतो, तर मग बाकीचे धातू काय करतात, म्हणून एकेक धातू घालून पाहिला. झिर्कोनियमने पांढरे पॉलिमर दिले, टायटॅनियमने तर साध्या दाबालाही. दहा वर्षांनी, नाट्टा यांच्याबरोबर, नोबेल. (ड्रमवाले वाचक लगेच म्हणतील, आमच्या निळ्या ड्रमचा एचडीपीई फिलिप्सच्या क्रोमियमचा आहे. बहुधा असेल. म्हणूनच आम्ही ताडपत्री घेतली.)

टेफ्लॉनची गोष्ट तर एका वजनकाट्याची. ६ एप्रिल १९३८ ला प्लंकेट या केमिस्टच्या सिलिंडरमधून टेट्राफ्लुरोइथिलीन येणे बंद झाले. सिलिंडर रिकामा म्हणून बाजूला न टाकता त्याचे वजन केले, तर ते रिकाम्याचे नव्हते. मग तो कापला, आणि आत पांढरी पूड. मटेरियल बॅलन्स जुळत नाही म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? ‘हँडलिंग लॉस’ असे लिहितात.

बिघाडातून शिकण्याचे दिवस १९५३ ला संपले, असे कोणी समजू नये. निळे कॅरेट साच्यातून वाकडे येते आणि त्याच साच्यातले पांढरे सरळ येते, ही मोल्डिंगवाल्यांची तक्रार वर्षानुवर्षे मशीनवर आणि कूलिंगवर ढकलली जात होती. सीपीसीचे कण एचडीपीईच्या स्फटिकांना बीज पुरवतात, म्हणून आकसणे दिशेनुसार वेगवेगळे होते. दोष साच्यात नव्हता, रंगात होता. तसेच ट्रायक्लोरोबेन्झीनमध्ये सीपीसी करताना पीसीबीचे अंश मालात उतरतात. युरोपच्या गिऱ्हाइकाने रिपोर्ट तोंडावर फेकेपर्यंत काहींनी ते पाहिलेच नाही. आता अल्किलबेन्झीनवर गेलेले लोक ही वाट आपणच आधी चोखाळली असे सांगतात, ते सोडून देऊ.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण आहे. काचेच्या मुलाम्याची भांडी करणारी पफॉडलर ही १८८४ ची अमेरिकन पेढी. तिच्या जागतिक समूहाची बहुतांश मालकी २०२०-२१ मध्ये गुजरातमधल्या करमसदच्या जीएमएम पफॉडलरकडे आली. हॉइबाख हा जर्मनीतला जुना पिगमेंट समूह, ज्याने क्लॅरियंटचा पिगमेंटचा धंदा घेतला होता, तो मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या सुदर्शन केमिकलकडे आला. सुदर्शनचे आपल्याकडचे कारखाने रोहा आणि महाडला. म्हणजे तडा जाणारे भांडेही आपले, आणि निळा रंगही आपला. भांडी, रंग, गिऱ्हाईक, सगळे हाताशी आहे. नाही ती वही.

आपल्या लॉगशीट पाहा. रात्रपाळीत तापमान दर तासाला तेच, एका अंशाचाही फरक नाही. निसर्ग इतका शिस्तीचा कधी नव्हता. पहाटे चारला बसून सगळे रकाने एका दमात भरलेले असतात आणि हे सगळ्यांना ठाऊक असते. डेव्हिएशनचा फॉर्म भरलाच, तर मूळ कारण ‘मानवी चूक’ आणि उपाय ‘पुनर्प्रशिक्षण’. ऑडिटर खूश. बिघडलेला माल पुढच्या पाच बॅचमध्ये थोडा थोडा जिरवला जातो. यात ऑपरेटरचा दोष आम्हाला दिसत नाही. निळे कण दिसले हे सांगितल्यावर ज्याचा दिवसाचा पगार कापला जातो, तो पुढच्या वेळी कण पाहणारच नाही. मॅनेजरांनी हे वाचून मान डोलावू नये. हे त्यांच्यासाठीच लिहिले आहे.

म्हणून पुढच्या अंकापासून ‘बिघडलेली बॅच’ हे सदर सुरू करत आहोत. रंग, पिगमेंट, रेझिन, पॉलिमर, पेंट, पावडर कोटिंग, गॅल्व्हनायझिंग, कुठल्याही प्लँटमधली एक बॅच लिहून पाठवा. काय व्हायला हवे होते, काय झाले, भांडे कशाचे होते, कुठला कच्चा माल नव्या लॉटचा होता, तुम्ही काय केले. कारण सापडले नसेल तरी चालेल. न सापडलेले अधिक चांगले, दुसऱ्या कोणाला ते माहीत असेल. कंपनीचे नाव छापणार नाही, लिहिणाऱ्याचेही नाही. निबंध नको, पानभर पुरे.

पहिली नोंद संपादकाची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका रेझिन प्लँटवर मी शिफ्ट केमिस्ट होतो. थॅलिक अनहायड्राइड, ग्लिसरीन, सोया तेल. मीडियम ऑइल अल्किड. रात्री दोननंतर ॲसिड व्हॅल्यू एका जागी अडकली आणि व्हिस्कॉसिटी चढू लागली. केटलमध्ये जेल झाली तर छिन्नी घेऊन आत उतरावे लागते, हे ठाऊक होते. घाबरून हीटिंग तोडले आणि ठरल्यापेक्षा तासभर आधीच माल मिनरल टर्पेंटाइनमध्ये सोडला. सकाळी साहेब आले, काचेवर थेंब टाकून पाहिला आणि म्हणाले, “रेड ऑक्साइडमध्ये जिरवून टाक.” तसे केले. तो प्रायमर विकायची कोणाची छाती होईना, म्हणून आमच्याच पाइपरॅकला लावला.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर फिटरने मला बोलावून दाखवले. ॲसिड टँकजवळच्या दोन खांबांमधला तेवढा भाग धड होता, बाकी सगळीकडे गंज फुटला होता. आमच्या त्या बॅचमुळे असेल. किंवा त्या भागावर वायरब्रश मारणारा माणूस इतरांपेक्षा इमानी असेल. तेही होऊ शकते. मी बॅचशीट काढून पाहिली. माझ्याच अक्षरात रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत दर तासाला २४० लिहिलेले होते. शेऱ्याचा रकाना कोरा. नमुन्याची बाटली ठेवलेली नव्हती.