श्रद्धेचे माप कोणी घ्यावे?

करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना ‘तुमची श्रद्धा उणी पडली’ असे ऐकवणारे भाविक आपल्यातच निघाले. आम्ही या बोलण्याचा निषेध करतो. हे जखमेवर मीठ चोळणे होय.

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसले. तेवढेच त्यांचे खरे सांत्वन. पुढे तोंड उघडून त्यांनी त्याला दोषी ठरविले. अखेरीस परमेश्वराचा कोप झाला तो त्यांच्यावर, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने प्याला टळावा म्हणून विनवणी केली. प्याला टळला नाही. मग त्याचीही श्रद्धा उणी होती काय?

२७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस भर पावसात संत पेत्राच्या रिकाम्या चौकात प्रार्थनेस उभे राहिले. साथ त्या रात्री थांबली नाही. तरी घरोघरी कोंडलेली माणसे त्या प्रार्थनेत सामील झाली. प्रार्थनेला देवाशी केलेला सौदा समजणाऱ्यांना हे उमगणार नाही. प्रार्थना म्हणजे अंधारात पित्याचा हात धरून राहणे.

म्हणून शोकाकुलाच्या घरी जाताना उपदेश उंबऱ्याबाहेर ठेवावा, जपमाळ हाती घ्यावी आणि त्याच्याशेजारी बसावे.