घरकामाचें मोल

एकत्र कुटुंबांत घरची सून आजारी पडली म्हणून चूल थंड राहत नाहीं. जाऊ पदर खोचून उभी राहते, सासूबाई भाजी निवडावयास बसतात, आणि कोणीं किती केलें हें कोणी कोठें टिपून ठेवीत नाहीं. परंतु त्याच घरची लेक अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत असली, आणि मोटारीच्या अपघातांत तिचा हात मोडला, तर तेथें स्वयंपाक कोणीं करावा व मुलांकडे कोणीं पाहावें?

तेथील कायद्यानें या अडचणीचा विचार केला आहे. मिशिगनमध्यें १९७३ सालापासून मोटारविम्याची 'विनादोष' पद्धति आहे. चूक कोणाची याचा निवाडा होईपर्यंत जखमी माणसास थांबावें लागत नाहीं. बहुधा त्याच्या स्वतःच्या अथवा घरच्या विम्यांतूनच त्यास साहाय्य मिळतें. औषधोपचार व बुडालेली मिळकत यांखेरीज, जीं घरकामें तो एरवीं विनावेतन करीत असे, तीं दुसऱ्याकडून करून घेण्याचा खर्चहि त्यांत येतो. मर्यादा दिवसास २० डॉलरांची व अपघातापासून ३ वर्षांची आहे. स्वयंपाक, धुणें, झाडलोट, मुलांची देखभाल, दारांतील बर्फ काढणें, हें सर्व त्यांत मोडतें.

मात्र खर्च खरोखर झालेला असला पाहिजे. नुसतें काम अडून राहिलें, किंवा शेजारणीनें मायेनें डबा आणून दिला, तर त्याचे पैसे मिळत नाहींत. काम करणारें माणूस नात्यांतलें असलें तरी चालतें. पण मोबदला ठरलेला असावा. डॉक्टरांचें लेखी मत घ्यावें, कोणत्या दिवशीं कोणीं काय केलें याचें रोजचें टिपण ठेवावें, आणि मागणी वेळच्या वेळीं करावी. वर्ष उलटूं दिल्यास जुन्या खर्चाचा हक्क बुडण्याचा संभव असतो.

घरच्या कामाचे पैसे कसले मागावयाचे, असा संकोच आमच्या लेकीसुनांस वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु हा पैसा मायेचा नव्हे, श्रमाचा आहे. आणि विम्याचा हप्ता घेतांना कंपनीनें कांहीं संकोच केलेला नसतो. ज्यांचीं मुलें तिकडे आहेत, त्यांनीं एवढें त्यांस अवश्य कळवावें.

१९७३ सालचे ते २० डॉलर आजहि २०च आहेत. पन्नास वर्षांत सर्व कांहीं महागलें. गृहिणीच्या दिवसाचा भाव तेवढा वाढला नाहीं. तरीहि त्या श्रमास कायद्याच्या पुस्तकांत एक आंकडा मिळाला, हें थोडें नव्हे. आपल्या घरीं तो कोणी मांडीत नाहीं. घरची बाई अंथरुणास खिळली म्हणजे तिच्या जागीं किती हात लागतात, एवढें तरी पुरुषमंडळींनीं एकदां मोजून पाहावें.